थ्रीडी चित्रं म्हणजे ‘नुसती सजावट’?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: शास्त्रज्ञांची थ्रीडी चित्रं मनाला येईल तशी रंगवलेली असतात, ती माउसने गरगर फिरवणं हा पोरखेळ आहे, खरं विज्ञान आकड्यांत असतं आणि असली चित्रं महासंगणकाशिवाय बनतच नाहीत.

आधी रंग. सीटी स्कॅनमधल्या प्रत्येक व्हॉक्सेलला, म्हणजे डेटातल्या एकेका चिमुकल्या ठोकळ्याला, हाउन्सफील्ड एककातला (क्ष-किरण किती अडले त्याच्या मोजमापातला) एक आकडा असतो: हवा उणे १०००, पाणी शून्य, हाड काही शेकड्यांच्या पुढे. कुठल्या आकड्याला कोणता रंग आणि किती पारदर्शकता, हे ट्रान्स्फर फंक्शन ठरवतं. ते माणूस निवडतो, कबूल. पण एकदा निवडलं की तोच नियम सगळ्या व्हॉक्सेलना लागतो; नको त्या जागेवर गुपचूप ब्रश मारता येत नाही. खरी तक्रार करायचीच तर इंद्रधनुषी रंगपट्टीची करा. तिच्यामुळे आकड्यांत नसलेल्या सीमा डोळ्यांना भासतात. मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरने २०१७ साली आपोआप लागणारी रंगपट्टी म्हणून इंद्रधनुषी ‘जेट’च्या जागी ‘व्हिरिडिस’ आणली, ती उगाच नाही.

‘पोरखेळ’ हा आरोप तर सपशेल उलटा आहे. लोरेन्सन आणि क्लाइन यांची १९८७ची मार्चिंग क्यूब्ज पद्धत घ्या. ती डेटातला एकेक छोटा घन तपासते: आठ कोपऱ्यांपैकी कोणते ठरवलेल्या आकड्याच्या वर, कोणते खाली. शक्यता २५६, त्यानुसार त्रिकोण जोडून पृष्ठभाग उभा राहतो. आता हा ठरवलेला आकडा ३०० ठेवून सीटीमधून कवटी काढली, की डोळ्याच्या खोबणीत हमखास भोकं दिसतात. हाड मोडलंय का? त्या आकड्याचा स्लायडर खाली ओढा. भोक बुजत गेलं तर हाड तिथे बहुधा नुसतंच पातळ आहे. फार खाली ओढलंत तर मांसही पृष्ठभागात मिसळतं, म्हणून स्कॅनमधली मूळ स्लाइसही (सपाट छेदचित्र) शेजारी उघडी ठेवायची. छापील चित्राची अशी उलटतपासणी करून दाखवा बरं!

आकडेच पुरेसे म्हणता? ५१२ × ५१२ × ५१२ व्हॉक्सेलचा स्कॅन म्हणजे १३ कोटींहून जास्त आकडे. बसा वाचत. सरासरी काढाल, तर बारीक भेग तिच्यात कुठल्या कुठे हरवेल.

राहिला महासंगणक. व्हॉक्सेलमागे दोन बाइट धरले तर हा सगळा डेटा २५६ मेगाबाइटचा; आजच्या साध्या ग्राफिक्स कार्डातही मावतो. अशी चित्रं काढायचं पॅराव्ह्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हवामानाच्या प्रारूपांचा डेटा मात्र खरोखरच अवाढव्य असू शकतो. तेव्हा डेटा असतो तिथल्याच यंत्रावर चित्र काढून फक्त ते चित्र तुमच्या पडद्यावर पाठवतात. पॅराव्ह्यूमध्ये तीही सोय आहे.