ड्रॉपडाऊन वाढवा, धंदा आपोआप वाढेल

कूलरच्या दुकानात सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं असेल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा गाठा. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, पंप आणि वाळ्याच्या ताट्यांसाठी गिऱ्हाईक दारात ताटकळत असतं; नेमकं तेव्हाच सगळ्या पोरांना आत बोलावून प्रशिक्षण द्यावं. हिवाळ्यात वेळच वेळ असतो, तेव्हा हे काम काढू नये.

नाव, मोबाइल आणि काय हवं, एवढ्यावर वहीत धंदा चालत होता हा निव्वळ मागासलेपणा. आता 'चौकशीचा स्रोत', 'चौकशीचा उपस्रोत' आणि 'खरेदीची तीव्रता' हवी, प्रत्येकाला ड्रॉपडाऊन, म्हणजे दाबलं की उघडणारी पर्यायांची यादी. तीव्रतेत तीन पर्याय: गरम, कोमट, थंड. "मे महिन्यात नागपुरात थंड कोण असते बाप्पा?" असं विचारणाऱ्या सेल्समनची 'नकारात्मक वृत्ती' म्हणून नोंद करा. त्यासाठीही एक ड्रॉपडाऊन काढता येतो.

पर्याय ठरवताना काउंटरवरच्या पोराला चुकूनही विचारू नका. गिऱ्हाईक काय बोलतं ते त्याला ठाऊक असतं, त्यामुळे यादी उगाच आखूड होते. हे काम मालकाच्या भाच्याने एसी केबिनमध्ये बसून करावं. (कूलरच्या दुकानात केबिनला एसी कशाला, हा वेगळा विषय आहे.)

मग सगळी फील्ड, म्हणजे भरायचे रकाने, अनिवार्य करा. वस्तीच्या यादीत नागपूरचे झाडून सगळे भाग टाका. सर्वांत वर असू द्या अजनी. समोरचा माणूस करवादतो, "एका पंपासाठी किती विचारून राहिला भाऊ?" आणि पोरगा पहिला पर्याय दाबून मोकळा होतो. महिनाभरात महाल, इतवारी, धरमपेठ, पार कामठीसुद्धा अजनीत राहायला येते. डॅशबोर्डवरचे आकडे पाहून मालक अजनीत दुसऱ्या दुकानाची जागा शोधू लागतात. एखादा शहाणा सुचवेल, की चौकशीच्या वेळी हे फील्ड ऐच्छिक ठेवा, घरपोच डिलिव्हरी ठरली की अनिवार्य करा. तेव्हा पत्ता तसाही लागतोच. अशा माणसाला गोदामात पाठवावं.

यादी जमली की वर्कफ्लो. अमुक घडलं, तमुक अट जुळली, की सॉफ्टवेअर आपलं आपण काम करतं. पहिला नियम: तीन दिवस उत्तर नाही आलं तर गिऱ्हाईक 'थंड' करा. दुसरा: 'थंड' झालेल्याला ऑफर पाठवा आणि पुन्हा 'कोमट' करा. तीन दिवसांनी तो परत थंड, परत ऑफर, परत कोमट. 'कूलर घेतला असेल तर थांबा' ही अट घालू नका, नाहीतर हे चक्र थांबेल. संदेशाची वेळ सकाळी ९ ठेवा आणि टाइम झोन यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) राहू द्या. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी अडीच वाजता, तुमच्याच कूलरसमोर आडव्या झालेल्या माणसाला संदेश जाईल: 'शुभ सकाळ! अजून कूलर घेतला नाही?'

सगळं सुरळीत चालू लागलं की 'सर्व्हिस' हा पर्याय काढून तिथे नवा 'विक्रीपश्चात सेवा' टाका. वर्कफ्लोच्या अटीत जुनाच शब्द राहील, तक्रारी मेकॅनिककडे जायच्या थांबतील आणि स्क्रीनवर चूक म्हणून काहीही दिसणार नाही. नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या नावावर नव्या चौकशा वळवणारा नियमही तसाच असू द्या. त्या तिथे निवांत पडून राहतात.

जूनमध्ये विक्री का घटली म्हणून बैठक होईल. तेव्हा 'चौकशी हुकण्याचं कारण' असा आणखी एक ड्रॉपडाऊन काढा. त्यात 'भाव जास्त वाटला' ठेवा, 'पाऊस लवकर आला' ठेवा, 'इतर' तर ठेवाच. 'आम्ही फोनच केला नाही' हा पर्याय मात्र यादीत येऊ देऊ नका.