‘गेममधून मुलांच्या अंगात सैतान’ : त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या आमच्या सांगली-मिरजेकडच्या भिशीच्या, सोसायटीच्या आणि पाहुण्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. वर ‘सावधान पालकहो!’, मध्ये कवट्या, खाली हात जोडलेले. म्हणणं थोडक्यात असं: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या परदेशी गेममध्ये मुलांना ‘वॉरलॉक’ बनवून सैतानाची दीक्षा देतात. मुलं स्क्रीनसमोर खरे मंत्र म्हणून राक्षस बोलावतात. त्या जगातल्या सगळ्या जमाती राक्षसपूजक आहेत. ‘सोल शार्ड’ या नावाखाली मुलाचा आत्मा कंपनीकडे जमा होतो. बाधा झालेल्या मुलाचे डोळे हिरवे दिसतात. आणि उपाय काय, तर अमावास्येच्या आत जाणत्या देवऋषीकडून उतरवून घ्या, खोली बंद करून मिरचीची धुरी द्या.

असले मेसेज मी वाचतही नाही, सरळ पुसतो. हा पुसता आला नाही, कारण तासगावच्या मावशीनं तो खरा धरलाय. तिचा नातू, म्हणजे माझा भाचा, नववीत आहे, वॉरक्राफ्ट खेळतो. त्याच्या मनगटाला काळा दोरा आला, कीबोर्ड कपाटात गेला, देवऋषीही ठरला. मी फोन केला तर म्हणते, ‘तुम्हा शिकलेल्यांना सगळंच थोतांड वाटतंय. पोरगं रातचं एकटंच बोलत बसतंय, ते काय मग?’ मावशी, त्याच्या कानाला हेडफोन असतो. पलीकडे कोल्हापूरचं एक आणि पुण्याचं एक पोरगं असतं.

मंत्राचं आधी उरकतो. वॉरलॉक म्हणजे त्या गेममधला राक्षस बोलावून राबवून घेणारा चेटक्या. तो राक्षस कसा बोलावतो? खेळणारा एक बटण दाबतो, स्क्रीनवर एक पट्टी भरत जाते, ती भरली की राक्षस शेजारी उभा. तोंडानं काही म्हणावं लागत नाही, काही लिहावंही लागत नाही. कथेत राक्षसांची एरेडुन नावाची भाषा आहे, पण ती गेमच्या लेखकांनीच रचलेली. आणि हे बोलावलेले राक्षस तरी कसले? इम्प हे गुडघ्याएवढं बेणं, आगीचे गोळे फेकतं आणि काम सांगितलं की कुरकुर करतं. व्हॉइडवॉकर म्हणजे निळ्या-काळ्या धुराचा धिप्पाड गडी, मालकाच्या वाटचा मार पुढं होऊन आपण खातो. फेलहंटर हे कुत्र्यासारखं जनावर, समोरच्याची जादू खाऊन टाकतं.

‘रिच्युअल ऑफ समनिंग’ हे नाव मेसेजमध्ये मुद्दाम लाल अक्षरांत दिलंय. वाचणाऱ्याची छाती धडधडलीच पाहिजे. वॉरलॉक जमिनीवर जादूचं द्वार उघडतो, आणखी दोघं त्यावर क्लिक करतात, आणि त्यातून बाहेर कोण येतं? गटातला चौथा मित्र. तो नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असतो, त्याला चालत यायचा कंटाळा आलेला असतो. वॉरलॉकला गटात इतका भाव असतो तो बराचसा या सोयीमुळे. भाच्यानं केलेले बहुतेक ‘विधी’ हे असलेच असणार.

आता ‘सैतानाची दीक्षा’. त्या जगात राक्षसाला पुजणारे आहेत, नाही म्हणत नाही. ती खलनायक मंडळी, आणि खेळणाऱ्यानं त्यांनाच हाणायचं असतं. खेळणाऱ्याचा वॉरलॉक राक्षसापुढं हात जोडत नाही, त्याला वेठीला धरतो. गेममध्ये वाटेत भेटलेल्या राक्षसाला ताब्यात घ्यायचं एक कौशल्य आहे, त्याचं जुनं नावच ‘एन्स्लेव्ह डेमन’ होतं. तो ताबा सुटला की राक्षस पहिल्यांदा मालकाच्याच अंगावर येतो. म्हणजे नातं सरळसरळ जबरदस्तीचं आहे, आणि ते धोक्याचं आहे हेही गेमच दाखवतो.

‘तिथल्या सर्व जमाती राक्षसपूजक’ हे वाचून मात्र माझं डोकंच सटकलं. गोष्ट नेमकी उलटी आहे. पहिला वॉरक्राफ्ट 1994 मध्ये आला, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 च्या नोव्हेंबरात, आणि एवढ्या वर्षांच्या कथानकाचा कणा एकच: ज्यानं राक्षसांशी सौदा केला, त्याचं वाटोळं झालं.

त्या गेममधल्या ऑर्क नावाच्या जमातीचं बघा. ड्रेनॉर या त्यांच्या मूळ जगात ते कुळाकुळांनी राहणारे, शिकार करणारे, वारा-पाणी-अग्नीच्या शक्तींना आणि पूर्वजांना विचारून चालणारे लोक. किलजेडन हा राक्षसांचा सेनापती पूर्वजांचं सोंग घेऊन त्यांच्या म्हाताऱ्या जाणत्याला, नेरझूलला, फसवतो. नेरझूलला पुढं खरं काय ते कळतं आणि तो मागं सरतो. पण त्याचा शिष्य गुलदान सत्तेसाठी हपापलेला. तो किलजेडनकडून राक्षसी विद्या शिकतो आणि ऑर्कांमधला पहिला वॉरलॉक होतो. नंतर त्याच्या नादानं कुळांचे प्रमुख मॅनोरॉथ या राक्षसाचं रक्त पितात. बदल्यात ताकद मिळते, पण डोक्यात अखंड खून चढतो. निसर्गाच्या शक्तींनी आधीच पाठ फिरवलेली असते, जमीन करपत जाते आणि ऑर्क दुसऱ्यांच्या जगावर चालून जातात. ड्युरोटान नावाचा एक प्रमुख ते रक्त प्यायला नकार देतो. त्याचाच मुलगा थ्रॉल पुढं ऑर्कांना जुन्या वाटेवर आणतो. म्हणून तर ऑर्कांच्या राजधानीत वॉरलॉक राहतात ते ‘क्लेफ्ट ऑफ शॅडो’ नावाच्या अंधाऱ्या घळीत. त्यांचा उपयोग होतो म्हणून खपवून घेतलंय, एवढंच.

माणसांकडंही तीच तऱ्हा. स्टॉर्मविंड शहरात जादूगारांची वस्ती उजळ माथ्यानं आहे, पण वॉरलॉक शोधायचे तर ‘स्लॉटर्ड लँब’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात शिरायचं आणि तळघरात उतरायचं. हे भाच्यानंच मला दाखवलं होतं. वर माणसं पीत बसलेली, खाली जिना, आणि जिन्याखाली हे लोक आपापले राक्षस घेऊन बसलेले. पूज्य माणसाला कुणी दारूच्या दुकानाखाली ठेवतं का? भाच्याचा स्वतःचा वॉरलॉक नोम आहे, कमरेएवढा, गुलाबी केसांचा. नोम म्हणजे यंत्रात डोकं घालून बसणारी जमात. सुरुवातीला माणूस, नोम, ऑर्क आणि मढ्यातून उठलेले फॉरसेकन, एवढ्याच चौघांना वॉरलॉक होता येत होतं.

2007 मध्ये ब्लड एल्फ नावाची जमात गेममध्ये आली. हिरव्या डोळ्यांची आवई त्यांच्यावरूनच उठली असणार. त्यांचा सनवेल हा जादूचा झरा आर्थस नावाच्या खलनायकानं नासवला. पिढ्यान्‌पिढ्या जादूवर पोसलेल्या त्या लोकांना ती मिळेना तेव्हा तलफ भागवायला त्यांनी राक्षसी शक्ती जवळ केली, आणि तिच्या संसर्गानं त्यांचे डोळे हिरवे झाले. व्यसनानं पोखरलेल्या समाजाची गोष्ट आहे ती. आणि डोळे हिरवे होतात ते चित्रातल्या एल्फचे, तासगावातल्या पोराचे होत नाहीत.

नाइट एल्फ तर या प्रकारानं एकदा पोळलेलेच. त्यांच्या अझशारा राणीनं दहा हजार वर्षांपूर्वी जादूच्या विहिरीतून राक्षसांची फौज आत घेतली. ती विहीर फुटली आणि अख्खा खंड दुभंगला. त्यानंतर त्यांनी त्या प्रकारच्या जादूवरच बंदी घातली. ड्रेनाय लोकांनी तर राक्षस व्हायचं नाकारलं आणि आपला ग्रह सोडून पळ काढला. किलजेडन हा त्यांचाच भाऊबंद, तो राक्षसांना सामील झाला. या दोन्ही वंशांना गेममध्ये वॉरलॉक होताच येत नव्हतं. त्यांना आणि धरणीमातेला मानणाऱ्या टॉरनना ते 2023 च्या जुलैत खुलं केलं. माझ्या मते कंपनीनं ते बरं केलं नाही. खेळणाऱ्याला हवं ते मिळालं, पण कथेतली एक ठसठशीत रेघ पुसली गेली. असो, हे माझं रडगाणं. मेसेजवाल्याला यातलं ओ की ठो माहीत नाही.

सोल शार्डबद्दल दोन वाक्यं. मेलेल्या शत्रूकडून मिळणारा तो एक जांभळा खडा. जुन्या आवृत्तीत पिशवीतल्या खणात पडून राहायचा आणि जागा अडवायचा. कंपनीला मुलाचा आत्मा नको असतो, तिला दरमहा वर्गणी हवी असते, आणि ती मावशीच्या जावयाच्या कार्डावरून जाते.

आता जे खरं आहे ते नाइलाजानं मान्य करतो. ‘रिच्युअल ऑफ डूम’ नावाचा एक विधी जुन्या गेममध्ये होता: पाच जण गोल उभे राहायचे, मोठा राक्षस यायचा आणि पाचांतला कुणीतरी एक मरायचा. मेसेजवाल्याला हा सापडला नाही हे नशीब. मेलेला गडी नंतर जिवंत होऊन खेळायला लागतो हे खरं, पण नववीतल्या पोराच्या आजीला हे ऐकून गार वाटणार नाही, हेही मला कळतं. वॉरलॉकच्या राक्षसांत सक्युबस नावाची एक अर्धवट कपड्यांतली बाईही आहे. अमेरिकेत या गेमला ‘टीन’ म्हणजे तेरा वर्षं आणि पुढच्यांसाठीचा शिक्का आहे. तिसरी-चौथीतलं पोरगं खेळत असेल तर आईबापांनी जरूर अडवावं.

पण या मेसेजमधली खरी घाण शेवटच्या दोन ओळींत आहे. बाकी सगळं हसण्यावारी नेलं असतं, मिरचीची धुरी नेणार नाही. बंद खोलीत तापल्या निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या की काय होतं हे फोडणी करपली तरी कळतं. पोराला दम्याचा त्रास असेल तर? धुरानं ते खोकायला, ओरडायला लागलं की हे म्हणणार, ‘बघा, बोलायला लागला आतला.’

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं जोडे झिजवले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याला एक अनुसूची जोडलीय, ती मावशीला मी फोनवर वाचून दाखवली. पहिलाच मुद्दा भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेल्या छळाचा: दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, पायताण बुडवलेलं पाणी पाजणं, छताला टांगणं, चटके देणं आणि मिरचीची धुरी देणं. होय, मिरचीची धुरी, तिच्या नावानिशी. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. यात नुसता धुरी देणारा सापडत नाही, अशा प्रथेचा प्रचार करणाराही सापडतो. म्हणजे ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’ म्हणत पुढं ढकलणाऱ्या भिशीतल्या ताईंनी जरा दम खावा.

काळ्या दोऱ्याला कायदा हात लावत नाही, मीही लावत नाही. मावशीला त्यानं झोप लागत असेल तर राहू दे. देवऋषीचं मात्र रद्द झालं. ‘सात वर्षं’ हा आकडा तिला पटला, बाकीचं पटलंय असं वाटत नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘मग त्याचं जागरण कोण बंद करणार, तुझा कायदा?’

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्या अख्ख्या मेसेजमध्ये तो कुठंही नाही. पोरगं रात्री एकपर्यंत खेळतंय, सकाळी शाळेत पेंगतंय, गणितात मार्क घसरलेत. याला राक्षस लागत नाही, न झोपणं पुरतं. गेमच्या खात्याला पालकांसाठी नियंत्रणाची सोय आहे: किती वेळ खेळायचं, कुठल्या वेळेत खेळायचं, अनोळखी लोकांशी बोलता येईल की नाही, सगळं मोठ्या माणसाला ठरवता येतं. या रविवारी तासगावला जाऊन रात्री दहाची वेळ लावून देणार आहे. भाच्याला हे कळलंय, आणि त्यानं माझा फोन उचलायचं बंद केलंय.