मागची भिंत

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणभिंतीवर यंत्राने पाण्याचा फवारा मारून तिच्यावरचे सगळे शेवाळ काढून टाकण्यात आले, आणि दुपार उलटली तरी माझा संताप शमलेला नाही. ‘भिंत घाण दिसत होती’, एवढेच कारण मला सांगण्यात आले.

दोन वर्षांपूर्वी आईचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर ऐन श्रावणात ती दीड महिना तळमजल्यावरच्या आमच्या गॅलरीत बसून होती आणि हातभर अंतरावर होती ती हीच भिंत. पहिले काही दिवस तिची नुसती चिडचिड होत असे. मग एकदा तिने पोथी वाचायचे भिंग मागून घेतले. भिंगाखाली केसासारखे बारीक, तांबूस देठ दिसले, प्रत्येकाच्या टोकाला मान वाकवलेले इवलेसे बोंड आणि बोंडावर टोकदार टोपी. ती टोपी गळते, बोंड पिकते आणि त्यातली बीजाणूंची धूळ वाऱ्यावर जाते, हे आम्ही दोघींनी दिवसेंदिवस पाहिले. “आज कुणाची टोपी पडली गं?” हा तिचा सकाळचा पहिला प्रश्न असे. त्या दिवसांतले तिचे कण्हणे मी विसरले आहे, हा प्रश्न विसरलेले नाही.

पायवाटेवरचे शेवाळ घासायलाच हवे, तिथे माणसे घसरतात, हे मान्य आहे. पण भिंतीवरून कोण चालते? कासच्या फुलांसाठी ऑनलाइन आरक्षण करून पहाटे गाड्या काढणाऱ्या माणसांना दारातली हिरवळ घाण वाटावी, याचे मला फार वाईट वाटते. कास सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही.

या वनस्पतीला खरी मुळेसुद्धा नसतात. तंतूंसारख्या मूलाभांनी ती सिमेंटला धरून राहते, उन्हाळ्यात वाळून काळपट पडते आणि पहिल्या सरीत पुन्हा हिरवी होते. तिचे कूळ पृथ्वीवर ४० कोटींहून अधिक वर्षे नांदते आहे. तिच्यासमोर बसले की मनातली घाई ओसरते, ती कशाने, हे मला नीट सांगता येणार नाही. आईला मात्र ते सांगावे लागत नाही.

आई आता चालते, तरी चार वाजता चहा घेऊन ती त्याच खुर्चीत बसते, पदराने भिंग पुसते आणि मला हाक मारते. सकाळी फवारा सुरू होता तेव्हा ती देवळात गेली होती. चार वाजायला वीस मिनिटे आहेत आणि गॅलरीचा पडदा मी ओढून घेतला आहे.