हिरव्या पेनाची टिक

आज सकाळपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे आणि आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना झोंबणार आहे. झोंबू द्या.

आमच्या सीए लोकांच्या ग्रुपवर सकाळी एक ऑर्डर येऊन पडली. ओळखीतलाच एक ऑडिटर, नाव लिहीत नाही. न तपासता ताळेबंदावर सही केली म्हणून सहा महिन्यांसाठी त्याचं नाव सीएंच्या रजिस्टरमधून काढलं, म्हणजे तेवढे दिवस सही बंद. ऑर्डर कुणी धड वाचली नसेल, तोवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. 'बिचारा.' 'पोरीचं लग्न तोंडावर आलंय हो त्याच्या.' 'एका सहीपायी माणसाला आयुष्यातून उठवायचं का?' एका ज्येष्ठांनी लिहिलं, 'आपण सगळ्यांनी त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.' त्याला धडाधड अंगठे.

अशा सहीवर विसंबून ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांच्या पाठीशी कोण, असं मी टाईप केलं आणि खोडलं. तिथं हिंमत झाली नाही म्हणून इथं लिहितोय, हेही कबूल.

आणि नेमकं आजच लातूरच्या गंजगोलाई बाजारात मामा भेटले.

मामा नात्याचे नाहीत. २००७ साली मी लातूरला आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करत होतो. सरांबरोबर एका पतसंस्थेच्या ऑडिटला जायचो, तालुक्याच्या गावी. मामा तिथले पिग्मी एजंट. खाकी पिशवी, त्यात पिग्मीचं पुस्तक, आणि एक लुना. सकाळी भाजीवाल्यांपासून सुरू करायचे ते रात्री पानटपरीपर्यंत, कुणाचे दहा, कुणाचे वीस. आम्ही गेलो की चहा तेच आणायचे, भजी तेच आणायचे, आणि मला 'साहेब' म्हणायचे. मी एकवीस वर्षांचा, मिशीसुद्धा धड नव्हती.

शाखेत काउंटरच्या वर पाटी होती: 'सतत ऑडिट वर्ग अ'. ज्यांनी कधी पतसंस्थेत पैसे ठेवले त्यांना ही पाटी काय असते ते ठाऊक आहे. बाकी काही वाचता येत नसलं तरी तो 'अ' वाचता येतो. बाया मामांना विचारायच्या, अ म्हणजे पैला नंबर ना? मामा म्हणायचे, व्हय, लातूरहून साहेब येऊन तपासून जातेत. बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेत तो नसतो, हे त्या बायांना कोण सांगणार? त्यांचा विमा म्हणजे ती पाटी. आणि पाटीवरचा 'अ' कुठून येतो? आमच्या सहीतून.

तर ग्रुपवरच्या मित्रांनो, 'एक सही' म्हणू नका. आपल्याकडं विकायला दुसरं आहे काय?

मग लगेच तो जुना श्लोक आलाच. ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे. १८९६ चा इंग्लंडमधला निकाल, किंग्स्टन कॉटन मिलचा. सीएच्या इंटरला पाठ केला तो साठीपर्यंत तोंडात. बरं बाबा, राखणीचा. मग भुंकला का नाही? राखणीच्या कुत्र्यानं चोराच्या हातची भाकरी खाऊन शेपूट हलवली तर आमच्या शिवारात त्याला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही, पोस्टवर बायामाणसं आहेत.

सत्यम या मोठ्या आयटी कंपनीत वेगळं काय होतं? ७ जानेवारी २००९ ला मालकानं स्वतःच पत्र लिहून सांगितलं की बँकेत दाखवलेले हजारो कोटी तिथं नाहीतच. तोवर वर्षानुवर्षं ताळेबंद सही होऊन बाहेर पडत होता. बँकेला परस्पर पत्र टाकून विचारायचं, एवढं साधं काम. आम्ही आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी शिकतो ते. पुढं २०१८ मध्ये शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं त्या ऑडिट फर्मवर दोन वर्षांची बंदी घातली, २०१९ मध्ये सॅटनं, म्हणजे सेबीविरुद्ध अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं, ती उठवली. आकडे मोठे, वकील मोठे. पण पाप तेच, आमच्या पतसंस्थेच्या तिजोरीइतकंच: समोर जाऊन बघितलं नाही.

तिजोरीचं सांगतो. त्या दिवशी रोजकीर्दीला हातातली शिल्लक चार लाखांच्या वर होती. बाकी व्हाउचर टिक करून झाले, हिरव्या पेनानं, ते पेन मला सरांनीच दिलेलं. राहिली रोख मोजायची. मॅनेजर म्हणाले, चावी चेअरमनसाहेबांकडं आहे आणि चेअरमन लग्नाला उदगीरला. सरांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी अजून एक ऑडिट होतं. मला म्हणाले, लिही, मोजली.

मी लिहिलं.

आता आमच्या कायद्याची गंमत बघा. १९४९ चा सीए कायदा, २००६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यात दोन अनुसूच्या. जाहिरात केली, गिऱ्हाईक मागायला गेलात, तर गैरवर्तन. आधीच्या ऑडिटरला पत्र न पाठवता काम घेतलं, तर गैरवर्तन. त्या पत्राची रजिस्टर पोस्टाची पोचपावती नाही म्हणून चांगली चांगली माणसं अडकलेली आहेत. न तपासता सही केली, कामात घोर हयगय केली, हे दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे जास्त गंभीर. तिथं शिस्तपालन समिती नाव कायमचं काढू शकते. लाखांत दंड करू शकते. पण खाली ठपक्यावरही सोडू शकते. ठपका! म्हणजे वर्गात बाकावर उभं करतात तसं, पण या बाकावर उभं राहिलेलं कुणाला दिसतही नाही. 

२०२२ च्या दुरुस्तीत समितीचा अध्यक्ष व्यवसायाबाहेरचा असावा असं आलं, तेव्हा आमच्या लोकांनी केवढा गळा काढला होता. 'बाहेरच्यांना आपलं काम काय कळतं?' अरे, पैसे तर बाहेरच्यांचेच आहेत ना.

आणि सहा महिने नाव काढलं म्हणजे काय होतं, हे आपल्याला माहीत नाही का? ऑफिस चालू. पोरं चालू. सही तेवढी पार्टनरची. सातव्या महिन्यात सत्यनारायण.

हं, आता एक बाजू मान्य करतो, नाही तर कमेंटमध्ये येणारच. पतसंस्थेच्या ऑडिटची फी कधी बघितलीय का? त्या फीत दोन दिवसांचा डिझेलचा खर्चसुद्धा निघत नाही. चेअरमन म्हणजे गावचा पुढारी, वर्ग 'ब' दिला तर पुढच्या वर्षी दुसरा ऑडिटर. गैरव्यवहार दिसला तर ऑडिटरनं स्वतः पोलिसांत फिर्याद द्यायची, असं सहकार कायद्याचं कलम ८१ सांगतं. सांगायला कलमाचं काय जातं. तालुक्याच्या गावात पुढाऱ्याविरुद्ध फिर्याद देऊन रात्री गाडीवर घरी यायचं, एकट्यानं. आणि सगळ्याच पतसंस्था सीए तपासत नाहीत, जीडीसी अँड ए ही सहकार खात्याची परीक्षा झालेले लेखापरीक्षकही असतात, सरकारीही असतात, ते तर आमच्या सीएंच्या कौन्सिलच्या हाताखाली येतच नाहीत. हे सगळं खरं आहे. आमचे सर वाईट माणूस नव्हते. माझी फी त्यांनी भरली होती, वडील आजारी असताना न मागता तीन महिन्यांची सुट्टी दिली होती. आता ते नाहीत, आणि त्यांच्याबद्दल हे लिहिताना हात जड होतोय.

पण फी परवडत नाही तर काम घेऊ नका ना. कमी पैसे मिळतात म्हणून डॉक्टर छातीला नळी न लावताच 'तब्येत उत्तम' लिहून देतो का?

ती पतसंस्था पुढं पाच-सहा वर्षांनी बसली. मी तेव्हा पुण्यात होतो, पेपरात वाचलं. चेअरमन आत गेले, जामिनावर आले, आता पुन्हा सत्काराच्या फोटोत दिसतात. ऑडिटरला त्या प्रकरणात कुणी काही विचारल्याचं माझ्या कानावर नाही. शिक्षा झाली ती मामांना. त्यांना कुठल्या समितीची नोटीस आली नाही, गल्ली थेट दारात आली. 'पैसे आमी तुमच्या हातात दिल्ते, चेअरमनला कोन वळखतं?' दीड एकर विकलं त्यांनी. जमेल तेवढ्या बायांचे फेडले. ज्यांचे राहिले त्या अजून बोलत नाहीत. लुना कधीच गेली. आता लातूरला एमआयडीसीत सोयाबीनच्या गोडाऊनवर रात्रीचे वॉचमन आहेत.

सकाळी ड्युटी करून येत होते. मीच ओळखलं. मला वाटलं शिव्या देतील. उलट माझी पिशवी धरायला हात पुढं केला. 'भैया, लै मोठे झालाव.' चहा मीच पाजला या वेळी. बोलता बोलता म्हणाले, 'एक इचारायचं ऱ्हायलंय कवापासून. त्या दिवशी मी म्हनलं व्हतं, लुना काढतो, उदगीरला जाऊन चावी घेऊन येतो. सर म्हनले राहू द्या. मंग दुसऱ्या दिवशी यिऊन मोजलीती ना तुमी?'

हे मी विसरलो होतो. किंवा विसरलो असं धरून चाललो होतो. माणूस जायला तयार होता. उन्हाचं, लुनावर, उदगीरपर्यंत. त्याला खरंच वाटत होतं की पैसे मोजायला हवेत. खोलीत तिघं शिकलेले होतो आम्ही, आणि मोजायची काळजी एकट्या पिग्मी एजंटाला.

मी म्हणालो, 'हो मामा, मोजली होती.'

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. 'मंग नंतरच खाल्ले म्हना की भाड्यांनी.' चहा संपवला, गेले.

म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांनी मी तीच टिक पुन्हा मारली. आता कुणी 'लिही' म्हणणारं नव्हतं.

मला कुणी काही करणार नाही. तेव्हा मी सीए संस्थेचा मेंबर नव्हतो, आणि सात वर्षांहून जुन्या तक्रारी दाखल न करायची मुभा नियमातच आहे. ग्रुपवर कुणाला स्क्रीनशॉट टाकायचा असेल तर खुशाल टाका.

मामा काही हे वाचणार नाहीत. त्यांचा फोन बटणांचा आहे. ड्युटी रात्री आठला सुरू होते, गोडाऊन कुठलं ते विचारून ठेवलंय.