डाव्या हातचा मळ

दाढीच्या बाबतीत मी तीस वर्षं अगदी सरळमार्गी माणूस होतो. अर्धवट झोपेत तोंडाला फेस फासायचा, हाताला लागेल तो रेझर वरून खाली फिरवायचा आणि चार मिनिटांत बाहेर. त्या चार मिनिटांत मी कसला विचार करत असे, ते सांगता येणार नाही. बहुधा कसलाच नाही.

घात केला तो पाचव्या पात्याने. जुन्या रेझरला तीन पाती होती. नवा आणला तर त्यात पाच निघाली. गाल तेवढाच, केस तेवढेच. पहिल्याने सोडलेला केस दुसरं पातं धरणार, दुसऱ्याच्या हातून निसटलेला तिसरं कापणार, चौथं फारतर खात्री करून घेणार. मग पाचव्याला काम काय? देखरेख? असली माणसं मी ऑफिसात रोज बघतो, ती तोंडावर कशाला हवीत?

त्यात नेमकं मला ओकॅमच्या वस्तऱ्याबद्दल ठाऊक होतं. ओकॅमचा विल्यम हा चौदाव्या शतकातला तत्त्वज्ञ. गरज नसताना गोष्टींची संख्या वाढवू नये, या विचाराला त्याच्या नावाने वस्तरा म्हणतात. अर्धवट माहिती असली की माणूस जेवणाच्या टेबलावर घोषणा करतो, तशी मी केली.

"यापुढे मी एकाच पात्याने दाढी करणार. वस्तऱ्याने."

"स्वतःची?" बायकोने विचारलं.

"बाबा, तुझा रक्तगट कोणता?" मुलीने ताटातून मान वर न करता विचारलं.

आता माघार घेणं शक्य नव्हतं.

वस्तरा दिसायला किती साधा! एक पातं, एक मूठ, दोघांना जोडणारा एक खिळा. पण घ्यायला गेलं की कळतं, पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. पाच अष्टमांश, सहा अष्टमांश, सात अष्टमांश. शाळेत ज्या अपूर्णांकांना मी चुकवत आलो, ते शेवटी माझ्या गळ्यापर्यंत पोचले. शिवाय पात्याच्या बाजू खोलगट घासलेल्या की पाचरीसारख्या भरीव, टोक गोल की चौकोनी, असे प्रश्न. नवशिक्याने पाच किंवा सहा अष्टमांशाचा, गोल टोकाचा घ्यावा असं सगळे सांगतात. चौकोनी टोकाचा कोपरा नवख्या हातात असला की कानाच्या पाळीला भलतीकडेच भोक पडू शकतं. मी निमूटपणे गोल टोकाचा घेतला.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा मनावर घ्यायला हवी होती. अठराव्या शतकात झाँ-जाक पेरे नावाचा एक फ्रेंच कारागीर होऊन गेला. सुऱ्या-वस्तरे बनवणं हा त्याचा धंदा. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, यावर त्याने अख्खा ग्रंथ लिहिला. आणि याच माणसाने सुताराचा रंधा पाहून वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला, म्हणजे पातं कातडीत खोल घुसणार नाही. ज्याने ही विद्या शिकवायला ग्रंथ लिहिला, त्यालाच गाल आणि पातं यांच्यात काहीतरी आडवं असावंसं वाटलं! यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता असतो? पण मला वाटलं, तो भित्रा असेल.

वस्तरा आला. त्याच्याबरोबर चामड्याचा पट्टा आला, ब्रश आला, साबण आला, फेस काढायचा वाडगा आला, तुरटी आली, पात्याला चोळायच्या तेलाची बाटली आली. गरज नसताना गोष्टींची संख्या वाढवू नये म्हणणाऱ्या ओकॅमने आमचं फडताळ पाहिलं असतं तर पुन्हा मठात जाऊन दार लावून घेतलं असतं.

दाढीआधी पातं पट्ट्यावर फिरवायचं असतं. याने नवी धार येत नाही, असलेली धार सरळ होते. पातं सपाट ठेवायचं आणि त्याच्या पाठीच्या, म्हणजे बोथट कडेच्या, दिशेने ओढायचं, धारेने मागून फरफटत यायचं. टोकाला पोचलं की पात्याने पाठीवर कूस बदलायची आणि परत फिरायचं. कूस पाठीवर बदलायची, धारेवर नाही. हे इथे दोनदा लिहिलंय, कारण मला चारदा सांगावं लागलं होतं. अशा पन्नासेक फेऱ्या दर वेळी मारायच्या. जाणकार माणूस हे करतो तेव्हा चपक-चपक असा फार डौलदार आवाज येतो. मलाही तो आवाज हवा होता. आवाज लवकर यावा म्हणून मी हात भराभर चालवायला लागलो.

पट्टा ताणलेला असावा लागतो. म्हणून मी त्याचं एक टोक बाथरूमच्या दाराच्या आतल्या मुठीला अडकवलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. सव्विसाव्या फेरीला माझी जरा लय लागली, चपक असा अगदी तसाच आवाज आला, आणि बायकोने टॉवेल द्यायला दार उघडलं. पट्टा सैल पडला, पातं खाली गेलं. नव्या कोऱ्या चामड्यावर चंद्रकोरीएवढा काप.

आम्ही दोघंही थोडा वेळ त्या कापाकडे बघत राहिलो.

"हे तोंडावर करायचंय ना?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून नियम ठरला: मी आत असताना दाराला हात लावायचा नाही. काही विचारायचं तर बाहेरून. ती मग दर दोन मिनिटांनी बाहेरून विचारायला लागली, "आहेस ना?"

या नियमाने पुढे काय काय केलं ते सांगतो. पण त्याआधी धारेचं.

पट्टा कापणारं पातं केस कापेलच, असं मी धरून चाललो होतो. ते चूक निघालं. धार तपासायला मनगटावरचे केस कापून बघतात. माझे केस पात्याखाली आडवे होत आणि ते गेल्यावर पुन्हा उभे राहत. दुसरी परीक्षा जास्त नाजूक: एक सुटा केस चिमटीत धरून धारेवर टेकवायचा, आपोआप तुटला पाहिजे. माझ्या डोक्यावरचे केस म्हणजे आता राखीव साठा आहे, तो असा उडवून चालणार नव्हतं. म्हणून मी बायकोच्या कंगव्यातले काढले. बाथरूममध्ये दिव्याखाली, एका हातात वस्तरा आणि दुसऱ्यात तिचा लांबलचक केस, अशा अवस्थेत मी तिला दिसलो. मी खुलासा केला. तो ऐकून ती घाबरली नाही, पण कंगवा कपाटात ठेवायला लागली.

मग कळलं की नवे वस्तरे पुष्कळदा दाढीला तयार नसतातच. दगडावर नीट धार लावून घ्यावी लागते. हजार नंबरच्या दगडापासून सुरुवात, मग चार हजार, आठ हजार, शेवटी बारा हजार. नंबर वाढेल तसा दगड मऊसूत. मी दगड आणायचं नाव काढताच मुलीने फडताळाकडे बोट दाखवलं. तेव्हा वस्तरा एका जाणकाराकडे पाठवला. तो परत आला तेव्हा त्याची भाषाच बदलली होती. मनगटावर फिरवला तर केस उडून बेसिनमध्ये पडले. मला इतका आनंद झाला की मी तसं सहा-सात वेळा करून पाहिलं. पुढचे दोन आठवडे मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले.

आणि एका रविवारी सकाळी, सगळे उठायच्या आत, पहिली दाढी.

आधी गरम पाण्याने तोंड तीन-चार मिनिटं भिजवायचं. ही नुसती चैन नाही, भिजलेला केस पुष्कळ सहज कापला जातो. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही पात्याच्या धारेचे टवके उडवतो. मी हे बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्यात काय नवल? माझ्या बोलण्याने तुझ्यावर ओरखडासुद्धा उठत नाही, ते सांग त्यांना."

फेस झाला. पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं. फार आडवं धरलं तर केस ओढले जातात, फार उभं धरलं तर कातडी खरवडते. मोकळ्या हाताने कातडी ताणायची. जोर अजिबात द्यायचा नाही, वजन पात्याचं पातंच बघून घेतं. उजव्या कानाजवळ पातं टेकवलं आणि मी श्वास रोखला. दोन सेंटिमीटर खाली. बारीकसा खर्र आवाज. फेसातून गुळगुळीत कातडीची एक पायवाट निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या गालाकडे नीट पाहिलं. तिथे केस सरळ खाली उगवतच नाहीत, जबड्यापाशी भोवऱ्यासारखे वळतात. तीस वर्षं शेजारी राहून शेजाऱ्याचं नाव माहीत नसावं, तसं झालं.

उजवा गाल वीस मिनिटांत झाला. आता डावा.

उजवा हात डाव्या गालाकडे नेला की तो नाकासमोरून जातो आणि आरशात फक्त मनगट दिसतं. म्हणून डाव्या गालाला डावा हात वापरावा, असं सांगतात. एखादं काम ‘माझ्या डाव्या हातचा मळ’ आहे असं म्हणणाऱ्या माणसाने एकदा डाव्या हातात वस्तरा धरून दाखवावा. माझ्या डाव्या हाताची आजवरची कामगिरी म्हणजे घड्याळ बाळगणं. त्याच्या हाती मी एकदम धारदार पोलाद दिलं. तो थरथरायला लागला. मी त्याला खाली जा म्हटलं, तो पुढे आला. आरशातला हात तिसरीकडेच गेला. शेवटी फेसावर एक बारीक लाल रेघ उमटली आणि हळूहळू फेस गुलाबी झाला. दुखलं मुळीच नाही. चांगल्या धारेचं हेच वाईट असतं, बातमी डोळ्यांकडून कळते.

पहिले काही आठवडे फक्त गाल करावेत आणि बाकीचं नेहमीच्या रेझरने उरकावं, हा सल्ला मी मग निमूटपणे पाळला. म्हणजे ज्या पाच पात्यांना मी हाकललं होतं, त्यांना रोज सन्मानाने परत बोलवायला लागलो. पाचव्यालासुद्धा.

हनुवटीकडे वळायला सव्वा महिना गेला. हनुवटी दिसते तेवढी सोपी नसते, तो घाट आहे. घाटाच्या ऐन वळणावर असताना बाहेरून आवाज आला, "आहेस ना?"

मी "आहे" म्हणालो.

‘आहे’ म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की हनुवटी खाली जाते, हे व्याकरणात कुठेही सांगितलेलं नाही. ऑफिसात कागदाचे तीन कपटे चिकटवून गेलो. "मांजर पाळलंत वाटतं?" असं एका सहकाऱ्याने आपुलकीने विचारलं.

मग तोंड न उघडता उत्तर द्यायची युक्ती काढली. तिने विचारलं की मी नळावर एकदा टकटक करायची. दुसऱ्याच दिवशी वरचा ओठ चालला होता. तिथे नाक चिमटीत धरून वर उचलावं लागतं. नाक मुठीत धरणं म्हणतात ते मी प्रत्यक्ष करत होतो. एका हातात नाक, दुसऱ्यात वस्तरा. बाहेरून हाक आली. मी टकटक केली. ज्या हाताने केली त्यात वस्तरा होता.

नळाला काही झालं नाही. धारेला मात्र बारीक खाच पडली आणि वस्तरा पुन्हा जाणकाराकडे गेला. "पडला का?" त्याने विचारलं. "नळावर वाजवला," असं मी सांगितलं नाही. पडला असंच म्हटलं. हातातून वस्तरा निसटला तर तो पडू द्यावा, झेलायला जाऊ नये, यावर त्याने मला दहा मिनिटं समजावलं, आणि न पडलेल्या वस्तऱ्याबद्दल मी दहा मिनिटं मान हलवली.

गळ्याबद्दल फार लिहीत नाही. कंठमणी ही चीज आवंढ्यासरशी वर-खाली होते आणि गळ्यावर वस्तरा असताना माणसाला आवंढा येतोच. एवढंच.

दाढी झाली की तोंडावर ओली तुरटी फिरवतो. ती रक्त थांबवते, पण तिचा खरा धंदा परीक्षकाचा. जिथे जिथे हात चुकला तिथे ती चरचरून सांगते. सुरुवातीला अख्खा पेपर लाल शेऱ्यांनी भरलेला असे. हल्ली डावीकडे दोन-तीनच शेरे असतात. मग पातं धुऊन, पुसून, अगदी कोरडं करून, तेलाचा हात फिरवून ठेवायचं. पोलाद कार्बनचं असलं तर ओलाव्याने गंजायला वेळ लागत नाही. मुलगी म्हणते, बाबा स्वतःचं तोंड इतकं कधी पुसत नाही.

आता आठ महिने झाले. पंचवीस मिनिटं लागतात, रक्त क्वचित. दाढी अशी होते की मीच दिवसभर गालावरून हात फिरवतो आणि मीटिंगमध्ये विचारमग्न दिसतो. फक्त अलीकडे एक गोष्ट लक्षात आली. बाहेरून कुणी विचारतच नाही. परवा उजवा गाल होईपर्यंत वाट पाहिली. चिटपाखरू नाही. मी खाकरलो. तरी नाही. शेवटी पातं गालापासून लांब धरून मीच मोठ्याने म्हणालो, "आहे गं अजून!"

बाहेर जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "किती वेळ?"

मी वस्तरा डाव्या हातात घेतला.