आत्या सोडून बाकीचे सरळ कर

रविवारी सकाळी साडेनऊला बसलो तो रात्री आठला उठलो. मध्ये दोनदा उठलो तेही फोन चार्जिंगला लावायला. करत काय होतो, तर बाबांच्या जुन्या निगेटिव्हचे फोनने फोटो काढत होतो. एकशे त्रेचाळीस. पाठीचा पार धनुष्य झाला. त्यातला बाबांचा एक छान फोटो कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकला तर पहिला रिप्लाय आला, "हा कोण?" विचारणारी कोण, तर बाबांची सख्खी मोठी बहीण.

जुगाड फार सांगत बसत नाही. खाली टॅबलेट, त्यावर फुल ब्राइटनेसचा पांढरा स्क्रीन, दोन इंच वर दुधी प्लॅस्टिक (निगेटिव्ह थेट स्क्रीनवर ठेवली की पिक्सेलची जाळी फोटोत उतरते, हे पहिले वीस फोटो वाया गेल्यावर कळलं), त्यावर 24 बाय 36 मिलीमीटरची खिडकी कापलेला पुठ्ठा आणि पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर आडवा फोन. निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात, त्यात रंगीत निगेटिव्हला मुळातच नारिंगी झाक असते, त्यामुळे रंग उलटे केले की सगळं निळंशार, भर उन्हात काढलेल्या फोटोतली माणसंसुद्धा गारठून मेल्यासारखी दिसतात. शिवाय फोन अतिशहाणा, दर फोटोला स्वतःच्या मनाने व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बदलतो, एकाच पट्टीतले चार फोटो निळे आणि दोन हिरवे. धुळीबद्दल तर बोलूच नका. निगेटिव्हवरचा कण फोटोत पांढरा होऊन येतो, बाबांच्या नाकाला चुना लागलाय असं वाटत होतं, तो ठिपका पुसण्यात माझी वीस मिनिटं गेली.

त्यापेक्षा स्लाइड, म्हणजे सरळ रंगांतली फिल्म, किती सज्जन. पन्नास मिलीमीटरच्या चौकटीत गप बसलेली, उलटं-सुलटं काही करायचं नाही, रंग जसे आहेत तसे. बाबांच्या एका डब्यात कोडॅक्रोमच्या थोड्या निघाल्या, लाल रंग अजून असा की काल काढलाय. 1935 ला आलेली फिल्म, 2009 ला कोडॅक कंपनीने बंद केली. त्या बघत बसलो त्यात अजून एक तास गेला, तो रविवारच्या हिशोबात धरलेला नाही.

तर आत्या. रिप्लायवर भागलं नाही, फोन आला.

"अरे हा बाळू नाही."

"आत्या, बाबाच आहेत ते."

"बाळूचा भांग डावीकडे. लहानपणी मी पाडून द्यायचे, मला सांगतोस? आणि घड्याळ उजव्या हातात? त्याच्या ऑफिसात एक जण होता असाच दिसणारा, तो असेल."

म्हणजे माझ्या बाबांचा कॅमेरा, आमच्या घरची खुर्ची, त्यावर बसलेला मात्र ऑफिसातला कुणीतरी. मी फोटो झूम केला आणि पोटात गोळा आला. फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायची. पण त्या बाजूवर मला माझ्याच फोनचं प्रतिबिंब दिसत होतं म्हणून मी हुशारीने सगळ्या पट्ट्या पालथ्या घातल्या होत्या. कडेला आकडे, अक्षरं छापलेली असतात, ती सरळ वाचता आली की बाजू बरोबर, इतकं सोपं. अक्षरं उलटी दिसली होती मला. मला वाटलं फिल्म रशियन आहे.

"चूक झाली आत्या, सगळे फोटो आरशातल्यासारखे आलेत. फ्लिप करतो."

"सगळे म्हणजे? माझा सहलीतला पाठवलास तोही?"

"तोही. करतो ना सरळ."

"अजिबात हात लावू नकोस. त्यात मी बरोबर आहे."

"अगं तोही उलटाच आहे."

"मी रोज आरशात बघते, मला माहिती नाही का मी कशी दिसते? इतकी वर्षं फोटोत मी वाकडीच यायचे, बाळूला किती बोलायचे त्यावरून. आज पहिल्यांदा माझ्यासारखा फोटो आलाय."

"पण आत्या, आम्हाला सगळ्यांना तू..."

"तुम्ही सगळे मला उलटी बघता त्याला मी काय करू? एक काम कर, बाकीच्यांना सरळ कर, मला राहू दे."

अकरा जणांचा ग्रुप फोटो आहे तो. आत्या बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंच्या बायकांच्या खांद्यावर हात टाकून.

खरं सांगू का, राग आत्याचा नाही आला. तिने निदान फोटो नीट बघितला. ग्रुपवर सत्तावीस माणसं, त्यातल्या नऊ जणांनी अंगठा दाखवला, एकाने "क्लिअर नाहीये, ओरिजिनल पाठव" म्हटलं (ओरिजिनल म्हणजे काय, पट्टी पाठवू?) आणि चुलतभावाने बाबांचा फोटो एआयमधून काढून परत टाकला, गुळगुळीत गाल, नवे दात, दोन्ही भुवया नव्या. त्याला बदाम किती आले ते मी मोजलं. सोळा. मला वीस मिनिटं लागली होती त्या नाकावरचा एक ठिपका काढायला आणि याने नाकच बदललं. ही खोकी आठ वर्षं कपाटावर होती तेव्हा एकालाही त्यांची आठवण झाली नाही, आता मात्र "आमचे पण असतील ना त्यात, सगळे पाठव" म्हणून रोज मेसेज. या ना एका रविवारी, बसा शेजारी, पट्ट्या पुसा. तेव्हा सगळ्यांना कामं.

असो. सगळे सरळ केले, मग सहलीच्या फोटोत एकटी आत्या कापून उलटी करून परत चिकटवली. शेजारच्या बाईच्या खांद्यावरची बोटं जमेनात, रात्रीचा एक वाजला, शेवटी ती बोटं तशीच अधांतरी ठेवली आणि पाठवून झोपलो.

सकाळी आत्याचा मेसेज. "छान झालाय. पण माझं घड्याळ उजव्या हातात कसं?"