फुजैराचे दिवे आणि घाटल्याचा सिलिंडर

रात्री अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात एक गाव वसलेलं दिसतं. ते नांगर टाकून थांबलेल्या टँकरचे दिवे. मी इथे अकरा वर्षं जहाजांना इंधन पुरवण्याच्या धंद्यात आहे. बार्जवर, म्हणजे इंधन वाहणाऱ्या सपाट बोटीवर चढायचं, टाकीत मोजपट्टी सोडायची, ओली झालेली खूण बघून आकडा लिहायचा, सही घ्यायची. फुजैरा होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या, म्हणजे आखाताच्या अरुंद तोंडाच्या, बाहेरच्या अंगाला आहे. आत शिरण्याआधी जहाजं इथे थांबतात, बाहेर पडल्यावर परत थांबतात.

2025 च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराणचं युद्ध 12 दिवस चाललं, तेव्हा हे गाव अस्वस्थ झालं होतं. जीपीएसचे सिग्नल इतके बिघडवले जात होते की स्क्रीनवर जहाज भर वाळवंटात उभं दिसायचं. 17 जूनला मध्यरात्रीनंतर इथून जवळच दोन टँकर एकमेकांवर आदळले आणि आग लागली. एका टँकरवरच्या 24 जणांना सोडवून आणावं लागलं. सकाळी बार्जवर कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्याच सकाळी चेंबूरहून दादाचा फोन आला. घाटला गावात आमचं घर आहे. दादाचा छोटा हत्ती टेम्पो आहे, पहाटे तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधून माल उचलून तो चेंबूर, गोवंडीला उतरवतो. "काय रे, डिझेल वाढणार का? मार्केटात सगळे तेच बोलतायत. भाडं आत्ताच वाढवून मागू की थांबू?"

मी त्याला थांब म्हणालो आणि संध्याकाळी कागद घेऊन बसलो.

होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी सुमारे 33 किलोमीटर आहे आणि त्या काळी जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथून जात होता. मोठ्या टँकरमध्ये 20 लाख पिंपं मावतात. युद्धाच्या धोक्याचा विमा त्या दिवसांत जहाजाच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत गेला होता. जहाज 10 कोटी डॉलरचं धरलं तर एका फेरीचे 5 लाख डॉलर. ऐकायला केवढी रक्कम! पण 20 लाख पिंपांवर वाटली की पिंपामागे 25 सेंट होतात. पिंपात 159 लिटर. म्हणजे लिटरमागे 13-14 पैसे. भाव खरा वाढतो तो भीतीने. ब्रेंट तेल, ज्याच्यावरून जगभर कच्च्या तेलाचा भाव ठरतो, त्या आठवड्यात पिंपाला 69 डॉलरवरून 79 च्या जवळ गेलं. 10 डॉलर म्हणजे डॉलर 86 रुपयांचा धरून लिटरमागे 5 रुपये 40 पैसे. सामुद्रधुनी बंद झाली नव्हती, तेल कुठे अडलं नव्हतं, तरी एवढा फरक. युद्धविराम जाहीर झाला आणि दोन दिवसांत भाव होता तिथे आला.

हा धक्का दोन्ही घरांपर्यंत कसा पोचला ते मी जवळून पाहिलं. अमिरातीत ऑगस्ट 2015 पासून पेट्रोलचा भाव दर महिन्याला जाहीर होतो. जूनमध्ये 95 ऑक्टेनचं पेट्रोल लिटरला 2 दिरहम 47 फिल्स होतं (100 फिल्सचा एक दिरहम), जुलैत 2 दिरहम 58 फिल्स झालं. अकरा फिल्सचं कारण इथल्या पंपावरच्या पोऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. मुंबईत तेव्हा पेट्रोल 103 रुपये 50 पैसे आणि डिझेल 90 रुपये 3 पैसे होतं. युद्धाआधी तेच, युद्धात तेच, नंतरही तेच. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, आणि तरी घाटल्याच्या नाक्यावरच्या पंपाचा बोर्ड हलला नाही.

गणपतीत घरी गेलो तेव्हा आरतीनंतर हाच वाद पेटला. शेजारचे काका म्हणाले, जगात आग लागली तरी आपल्याकडे पेट्रोलचा भाव एक पैसाही वाढला नाही, हे लक्षात ठेवा. दादा म्हणाला, मग तेल साठ डॉलरवर आलं तेव्हा उतरला का? दोघंही खरं बोलत होते. भाव थोपवून धरणं वाईट नाही. माझ्यासारख्या पगारदाराला अकरा फिल्स कळतही नाहीत, पण रोजच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला रोजचे चढउतार झेपत नाहीत, हे मी दादाकडे बघून सांगतो.

पण थोपवून धरण्याचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि इथेच मला मनापासून राग येतो. नोव्हेंबर 2021 पासून साडेचार महिने भाव असाच गोठवला होता. मग 22 मार्च 2022 ला बांध फुटला. जवळजवळ रोज 80-80 पैसे करत 16 दिवसांत 10 रुपये वाढले. दादाने त्या पंधरवड्यात दोन बांधलेली गिऱ्हाइकं गमावली, कारण ठरलेल्या भाड्यात गाडी परवडेना. त्याच्याही आधी, मे 2020 मध्ये तेल मातीमोल झालं होतं तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई ग्राहकापर्यंत पोचलीच नाही. 2023-24 मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून सुमारे 81 हजार कोटींचा नफा झाला. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी तोटाही सोसला होता, तेही मान्य. मग सांगा ना तसं. स्वस्त दिवसांत लिटरमागे किती बाजूला पडले, महाग दिवसांत त्यातले किती परत आले, हे दर महिन्याला छापा. एका पानाचं काम आहे. माझ्या बार्जवर एका टनाचा फरक पडला तर दोन्हीकडच्या सह्या लागतात.

बोर्ड हलला नाही म्हणून कुणी पैसे भरले नाहीत असंही नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आईने गवार घेतली. भाजीवाली म्हणाली, "मावशी, लढाई चालू आहे ना, गाडीभाडं वाढलंय." दादाने तर एक रुपयाही वाढवला नव्हता. पावसात भाजी महाग होतेच, पण त्या वर्षी कारण म्हणून होर्मुझ सांगितलं गेलं आणि आईने मुकाट्याने पैसे दिले. डिझेलचा खरा भाव आणि त्याचं कारण लोकांसमोर नसलं की कुणीही कुठलंही कारण पुढे करतं.

मला त्याहून जास्त घोर सिलिंडरचा आहे. गणपतीतल्या त्या वादात पेट्रोलच पेट्रोल होतं, गॅसचं नाव कुणी घेतलं नाही. 2025 मध्ये देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येत होता आणि त्यातला बराचसा आखातातून, याच अरुंद पाण्यातून. कच्चं तेल रशियाकडून घेता येतं, अमेरिकेकडून घेता येतं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला जमिनीखाली त्याचा साठाही आहे, साधारण साडेनऊ दिवसांचा. गॅससाठी तशा गुहा विशाखापट्टणमला 60 हजार टनांची आणि मंगळुरूला 80 हजार टनांची. देश दिवसाला 80 हजार टनांहून जास्त गॅस जाळतो. म्हणजे दोन्ही गुहा भरलेल्या असल्या तरी दोन दिवस निघणार नाहीत. बाकी भिस्त बंदरांवरच्या टाक्यांवर आणि वाटेत असलेल्या जहाजांवर. पेट्रोल नसेल तर माणूस लोकल पकडतो. चुलीचं काय करायचं? घाटल्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्हसुद्धा आता कुणाकडे उरलेला नाही.

घारापुरीच्या लाँचमध्ये बसलं की जवाहर द्वीप लागतं. तिथे टँकर रिकामे होतात आणि तेल माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातं. लहानपणी बाबा आम्हाला ते दाखवायचे आणि म्हणायचे, हे अरबस्तानातून आलं. तेव्हा ते लांबचं वाटायचं. डिसेंबर 2023 मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे 200 सागरी मैलांवर एका टँकरवर ड्रोन आदळला, आणि ते जहाज मुंबईच्याच बंदराबाहेर येऊन उभं राहिलं. खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते.

22 जूनला, अमेरिकेने इराणवर बाँब टाकले त्या दिवशी, मी आईला फोन करून दुसरा सिलिंडर लगेच नोंदवायला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आहे तोच अर्धा शिल्लक आहे." तरी नोंदव म्हणालो. चार दिवसांनी गॅसवाला जिना चढून आला. 852 रुपये 50 पैसे, आदल्या खेपेइतकेच. तोवर युद्ध थांबलं होतं. गणपतीत गेलो तेव्हा तो सिलिंडर मोरीशेजारी सील न तोडलेला उभा होता, आणि आईने त्यावर फुलांची परडी ठेवली होती.